एकेटीतला ‘के’: रॉबर्ट कॉख आणि टीबीच्या जंतूची घराणी

ओळखीत कुणाला टीबी झाला असेल, तर केस पेपरवर तुम्ही एक शब्द वाचला असेल: कॉक्स. डॉक्टरांच्या तोंडी दुसरा शब्द ऐकला असेल: एकेटी. पहिला शब्द म्हणजे आजाराचं टोपणनाव. टीबी म्हटलं की घरच्यांचे चेहरे उतरतात, शेजारी कुजबुजायला लागतात, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर अनेक वर्षं पेशंटसमोर कॉक्स म्हणत आलेत. एकेटी म्हणजे अँटी-कॉख्स ट्रीटमेंट. यातला ‘के’ म्हणजे रॉबर्ट कॉख. हा जर्मन डॉक्टर १९१० साली वारला आणि त्याचं आडनाव अजून आपल्या सरकारी दवाखान्यांत रोज लिहिलं जातं.

मी एरवी या साइटवर प्रोसेसर, बॅटरी आणि ॲपच्या परमिशन यांवर लिहितो. कॉखकडे वळलो तो डेटाच्या वाटेनं. टीबीच्या जंतूचा जीनोम वाचून तो कुठून कुठे पसरला याचे नकाशे आता निघतात. ते समजून घ्यायला बसलो की दर वेळी मागे मागे जात याच माणसापाशी येऊन थांबतो. टीबीचा जंतू एकच की वेगवेगळे, या प्रश्नावर कॉख आयुष्यात दोनदा ठामपणे बोलला. एकदा १८८२ मध्ये आणि एकदा १९०१ मध्ये. दोन्ही वेळा उलट बोलला. दुसऱ्या वेळी त्याच्या शब्दावर लहान मुलांच्या पेल्यातलं दूध अवलंबून होतं.

पडद्यामागची प्रयोगशाळा

बालपण पटकन आटोपतो. ११ डिसेंबर १८४३, जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगरातलं क्लाउस्थाल नावाचं खाणींचं गाव. वडील खाणीतले अधिकारी, घरात तेरा मुलं. मेडिकलला ग्योटिंगेनला गेला. तिथे याकोब हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. अदृश्य सजीवांमुळे रोग होत असावेत असं त्यांनी १८४० मध्येच लिहून ठेवलं होतं, पण सिद्ध करायची सोय कुणाकडे नव्हती. कॉख १८६६ मध्ये डॉक्टर झाला, पुढच्या वर्षी एमीशी लग्न झालं, मग काही वर्षं या गावातून त्या गावात. फ्रान्सबरोबरच्या लढाईतही लष्करी डॉक्टर म्हणून जाऊन आला.

१८७२ मध्ये त्याला वोलश्टाइनला सरकारी नोकरी लागली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तालुक्याचा आरोग्य अधिकारी: लस टोचायची, पोस्टमॉर्टेम करायचं, दाखले द्यायचे आणि उरलेल्या वेळात खासगी पेशंट. एक मायक्रोस्कोप होता, तो बायकोनं वाढदिवसाला दिला असं सांगतात. पेशंट तपासायच्या खोलीत त्यानं पडदा लावला आणि पडद्यामागे प्रयोगशाळा मांडली. ना विद्यापीठ, ना ग्रँट, ना सहकारी.

त्या भागात मेंढ्या आणि गुरं अँथ्रॅक्सनं पटापट मरत. आपल्याकडे याला गुरांमध्ये फाशी आणि माणसात काळपुळी म्हणतात. मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखं काहीतरी दिसतं हे आधी इतरांनी पाहिलं होतं. त्या काड्याच रोगाचं कारण आहेत का, हे मात्र ठरत नव्हतं. कॉखनं लाकडाच्या बारीक सळया वापरून उंदरांना संसर्ग दिला, बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात जंतू वाढवले आणि तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. काड्या लांब होतात, त्यांच्यात मण्यांसारखे बीजाणू तयार होतात आणि ते बीजाणू मातीत टिकून राहतात, हे त्यानं पाहिलं. कळप हलवला तरी कुरणात रोग का राहतो, याचं उत्तर त्या मण्यांत होतं. १८७६ मध्ये तो सगळं सामान घेऊन ब्रेस्लाऊला फर्डिनांड कोन या वनस्पतीशास्त्रज्ञाकडे गेला आणि काही दिवस प्रयोग करून दाखवले. तालुक्याच्या डॉक्टरचं नाव युरोपभर झालं.

पुढचं पाऊल मला फार आवडतं, कारण ते आपल्या काळाच्या जवळचं आहे. त्या काळी संशोधक मायक्रोस्कोपमध्ये जे दिसेल त्याचं चित्र हाताने काढत. चित्रात डोळ्यापेक्षा मत जास्त उतरतं. कॉखनं मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडला आणि १८७७ मध्ये जंतूंचे फोटो छापले. आज आपण भांडणात स्क्रीनशॉट पुढे करतो, तसंच.

एक ठिपका, एक जात

तेव्हा जंतूंबद्दल दोन पक्ष होते. एक म्हणे, जंतू हवे तसे रूप बदलतात. आज गोल, उद्या लांब, आज निरुपद्रवी, उद्या जीवघेणा. कार्ल नेगेली हे त्यातलं मोठं नाव. दुसरा पक्ष कोनचा: जंतूंच्या जाती असतात आणि त्या टिकून राहतात. पहिला पक्ष खरा असता तर अमका जंतू तमक्या रोगाचं कारण, हे वाक्यच बोलता आलं नसतं. कॉख पूर्णपणे दुसऱ्या पक्षात होता.

पण जाती वेगळ्या असतील, तर त्या वेगळ्या करून दाखवायला हव्यात. रसात किंवा सूपमध्ये जंतू वाढवले की सगळे एकमेकांत मिसळतात. १८८०मध्ये कॉख बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात आला आणि तिथे यावर उपाय सापडला. उकडलेल्या बटाट्याची चकती उघडी राहिली की तिच्यावर रंगीत ठिपके येतात. एकेका ठिपक्यातले जंतू पाहिले तर सगळे एकाच जातीचे निघतात. कारण चकती घट्ट असते. हवेतून पडलेला एक जंतू जिथे पडतो तिथेच वाढतो, त्याचं कुटुंब शेजाऱ्याच्या कुटुंबात मिसळत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि आजची मायक्रोबायोलॉजी तिच्यावर उभी आहे.

बटाट्यावर सगळे जंतू वाढत नाहीत, म्हणून जिलेटिन आलं. जिलेटिन उबदार हवेत वितळतं. मग त्याच्या प्रयोगशाळेतल्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवलं की जेलीसाठी स्वयंपाकघरात आपण अगार वापरतो, ते उन्हाळ्यातही वितळत नाही. १८८७ मध्ये सहायक युलियस पेत्री यानं झाकणाची उथळ काचेची बशी बनवली. आजही जगभरच्या लॅबमध्ये पेत्रीची बशी आणि फॅनीबाईंचा अगार एकत्र असतात, पण नाव फक्त पेत्रीचं राहिलं.

२४ मार्चची संध्याकाळ

आता टीबी. त्या काळच्या हिशेबानुसार दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाचा. तो आनुवंशिक आहे, दमट हवेमुळे होतो, नाजूक प्रकृतीच्या माणसांना होतो, अशी अनेक मतं होती. जंतू कुणाला दिसत नव्हता. कॉखलाही दिसेना.

कारण टीबीच्या जंतूचं आवरण मेणचट असतं. नेहमीचा रंग त्यात शिरत नाही. कॉखनं मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगात अल्कली घातलं, काच त्यात बराच वेळ ठेवली, मग तपकिरी रंगाचा हात दिला. आजूबाजूचं सगळं तपकिरी झालं आणि मध्ये बारीक, किंचित वाकड्या निळ्या काड्या राहिल्या.

दिसणं हा अर्धाच पुरावा. जंतू शरीराबाहेर वाढवायचा, तोही निखळ, आणि मग निरोगी प्राण्याला देऊन तोच रोग होतो हे दाखवायचं. इथे दुसरी अडचण आली. बहुतेक जंतू बशीत एका रात्रीत दिसू लागतात. टीबीचा जंतू दुप्पट व्हायलाच साधारण एक दिवस घेतो. रक्तातला द्रव तापवून घट्ट केलेल्या तिरप्या नळ्यांत कॉखनं तो लावला, अंगाच्या उष्णतेइतकी ऊब दिली आणि वाट पाहिली. पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्यात कोरडे खवल्यांसारखे पांढरट ठिपके. माझ्या मते टीबीच्या शोधातलं सगळ्यात अवघड काम हेच होतं: रिकामी दिसणारी नळी फेकून न देणं.

२४ मार्च १८८२, बर्लिनच्या शरीरशास्त्र संस्थेची सभा. कॉख वक्ता म्हणून अगदी साधा. आवाज मोठा नाही, नाट्य नाही. पण टेबलावर दोनशेहून जास्त नमुने मांडलेले: माणसांचे, माकडांचे, गिनीपिगचे, गाईंचे. बोलणं संपल्यावर सभेत शांतता होती. टाळ्या नाहीत, प्रश्नही नाहीत. लोक उठून मायक्रोस्कोपपाशी जायला लागले. श्रोत्यांत पाउल एर्लिश नावाचा तरुण होता. त्यानं पुढच्या काही आठवड्यांत रंगवण्याची पद्धत सुधारली. त्यात एक योगायोग असल्याचं सांगतात: त्यानं काचा विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या, मोलकरणीनं शेगडी पेटवली आणि उष्णतेनं रंग जास्त पक्का बसला. थुंकी तपासणीत काच आजही आधी तापवतात. जागतिक क्षयरोग दिन २४ मार्चला असतो तो या सभेमुळे.

टेबलावर गाईंचे नमुने होते, हे लक्षात ठेवा. माणसाचा टीबी आणि गाईचा टीबी एकाच जंतूचा, असं कॉखनं त्या वेळी सांगितलं. हे त्याचं पहिलं ठाम विधान.

कलकत्ता, मुंबई आणि एक गुप्त औषध

पुढच्या वर्षी तो कॉलऱ्याच्या मागावर इजिप्तला आणि तिथून डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्याला आला. तिथे स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यानं निखळ वाढवला आणि लोक वापरत असलेल्या तळ्याच्या पाण्यातही शोधून दाखवला. मायदेशी परतल्यावर सरकारनं एक लाख मार्कचं बक्षीस दिलं. मुंबईत तो १८९७च्या उन्हाळ्यात आला, प्लेगसाठी. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडीवर काम करत होता, तिथून थेट जर्मन पथकात दाखल झाला. हे तेच दिवस, जेव्हा पुण्यात रँडच्या घरझडत्यांनी लोक संतापलेले होते.

मधल्या काळात मात्र त्यानं स्वतःच्या नावाला मोठा डाग लावला. १८९०च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जगभरच्या डॉक्टरांची परिषद होती. तिथे त्यानं जाहीर केलं की टीबीचा जंतू रोखणारा पदार्थ सापडलाय. नोव्हेंबरमध्ये लेख आला, पण पदार्थ कशाचा बनलाय ते लपवलेलं. बर्लिनला पेशंटची रीघ लागली. हॉटेलं भरली. शेरलॉक होम्स लिहिणारा आर्थर कॉनन डॉइल, जो स्वतः डॉक्टर होता, तोही पाहायला गेला आणि सावध राहा असं सांगत परतला.

औषधाचं नाव ट्यूबरक्युलिन. प्रत्यक्षात ते टीबीच्या जंतूंचा ग्लिसरिनमध्ये काढलेला अर्क होतं. टीबी असलेल्या माणसाला ते टोचलं की जोराचा ताप यायचा. कॉखला वाटलं, रोगट भाग जळून जातोय. काही महिन्यांत आकडे यायला लागले: बरे झालेले अगदी थोडे, बिघडलेले बरेच, काही मेलेलेही. रुडॉल्फ विर्चो यांनी शवविच्छेदनं करून दाखवलं की इंजेक्शननंतर जंतू शरीरात उलट पसरलेत. १८९१च्या जानेवारीत कॉखला औषध कशाचं आहे ते सांगावं लागलं.

इथे मी त्याची बाजू घेणार नाही. जो माणूस नळीत दोन आठवडे काही दिसत नसताना थांबला, तो पेशंटच्या बाबतीत थांबला नाही. औषधातून मोठी कमाई होईल असा त्याचा हिशेब होता. ज्याच्याबरोबर हे औषध पहिल्यांदा तपासलं ती हेडविग फ्रायबर्ग, सतरा-अठरा वर्षांची मुलगी, पुढे १८९३ मध्ये एमीला घटस्फोट दिल्यावर त्याची बायको झाली. ट्यूबरक्युलिन औषध म्हणून संपलं, तपासणी म्हणून राहिलं: हाताच्या कातडीत टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात ती माँटू टेस्ट याच अर्काच्या पुढच्या रूपानं होते.

लंडन १९०१: गाईच्या दुधाचं काय?

आता दुसरं विधान. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या थिओबाल्ड स्मिथ यांनी दाखवलं की गाईचा टीबीचा जंतू आणि माणसाचा जंतू थोडे वेगळे वागतात. कॉखनं स्वतः प्रयोग केले. १९ वासरांना माणसाचे टीबीचे जंतू दिले. वासरं आजारी पडली नाहीत. गाईकडचे जंतू दिले तेव्हा मात्र पडली. जुलै १९०१ मध्ये लंडनच्या क्षयरोग परिषदेत त्यानं निष्कर्ष सांगितला: दोन्ही जंतू वेगळे, गाईचा टीबी माणसाला जवळजवळ होतच नाही, तेव्हा दूध आणि मांसाबाबत खास बंदोबस्त करायची गरज नाही.

पुराव्याची दिशा पाहा. माणसाचा जंतू वासराला होत नाही, हे त्यानं दाखवलं होतं. गाईचा जंतू माणसाला होत नाही, हे दाखवलेलं नव्हतं, ते गृहीत धरलं होतं. जोसेफ लिस्टर यांनी त्याच सभेत आक्षेप घेतला. ब्रिटनमध्ये तेव्हा मुलं कच्चं दूध पीत. आपल्याकडे दूध घरात आलं की आधी चुलीवर चढतं, त्यामुळे हा धोका आपल्याला तितका जाणवत नाही. तिथे मुलांच्या मानेला गंडमाळा यायच्या, हाडं आणि पोट धरायची. ब्रिटिश सरकारनं लगेच आयोग नेमला. दहा वर्षं काम करून १९११ मध्ये आयोगानं सांगितलं की गाईचा टीबी माणसाला होतो आणि लहान मुलांना विशेष होतो. तोवर कॉख वारला होता.

मग खरं काय? एकच जंतू की दोन? याचं उत्तर द्यायला कॉखकडे साधन नव्हतं. साधन आपल्याकडे आलं ते १९९८ मध्ये, टीबीच्या जंतूचा पूर्ण जीनोम वाचला गेला तेव्हा. ही साधारण ४४ लाख अक्षरांची फाइल आहे आणि तिच्यात चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली तर ४.४ एमबी, तुमच्या फोनच्या एखाद्या फोटोएवढी. या फाइलचा एक गुणधर्म महत्त्वाचा आहे. बरेच जंतू एकमेकांशी जनुकांची देवाणघेवाण करतात, टीबीचा जंतू जवळजवळ करत नाही. त्यामुळे जीनोममधून एखादा तुकडा एकदा गळाला की त्या वंशात तो परत येत नाही. व्हॉट्सॲपवर कुणी क्रॉप केलेला फोटो फॉरवर्ड केला की पुढच्या सगळ्यांना क्रॉप केलेलाच मिळतो, तसं.

२००३ मध्ये गाईच्या जंतूचाही जीनोम वाचून झाला. दोघे ९९.९५ टक्क्यांहून जास्त सारखे निघाले. गाईच्या जंतूची फाइल थोडी छोटी आहे; माणसाच्या जंतूत असलेले काही तुकडे तिच्यात नाहीत. म्हणजे माणसाचा टीबी गाईकडून आला ही जुनी समजूत उलटी पडली, कारण गळालेला तुकडा परत आणता येत नाही. दोघे एकाच मोठ्या घराचे आहेत, फक्त चुली वेगळ्या झाल्यात. १८८२चा कॉख अर्धा बरोबर होता आणि १९०१चा कॉख अर्धा.

घराणी

माणसाला होणाऱ्या टीबीच्या जंतूंत आज संशोधक किमान नऊ मोठी घराणी मोजतात. इंग्रजीत लिनिएज म्हणतात. मला घराणं हा शब्द बरा वाटतो, कारण गाण्यासारखंच इथेही घराण्याला गाव असतं. पहिलं घराणं हिंदी महासागराच्या काठाकाठानं पसरलेलं: दक्षिण भारत, फिलिपिन्स, आफ्रिकेचा पूर्व किनारा. दुसरं पूर्व आशियाचं, त्याच्या एका मोठ्या शाखेला बीजिंग म्हणतात. तिसरं उत्तर भारत, पाकिस्तान आणि पूर्व आफ्रिका. चौथं युरोपचं, जे जहाजांबरोबर अमेरिकेत आणि आफ्रिकेत गेलं. बाकीची आफ्रिकेत, बहुतेक आपापल्या भागापुरती. सगळ्यांचं मूळ आफ्रिकेत असावं, असा बहुतेक संशोधकांचा कल आहे.

म्हणजे भारताच्या टीबीच्या नकाशावर साधारण एक रेघ आहे. उत्तरेत तिसरं घराणं जास्त, तमिळनाडू-केरळकडे पहिलं जास्त. मुंबईत, अपेक्षेप्रमाणे, सगळ्यांची गर्दी. देशभरातली माणसं जिथे येतात तिथे त्यांच्या फुप्फुसातले पाहुणेही येतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी असलेल्या मुंबईच्या पेशंटमध्ये बीजिंग शाखाही सापडते, आणि तिच्यावर डॉक्टरांचं खास लक्ष असतं.

घराण्यानं फरक पडतो का? १९६०च्या सुमारास, जीनोम वगैरे कुणाच्या स्वप्नात नसताना, मद्रासच्या पेशंटचे जंतू गिनीपिगना दिले गेले. ब्रिटिश पेशंटच्या जंतूंपेक्षा मद्रासचे अनेक जंतू सौम्य निघाले. तेव्हा हे कोडं होतं. आज त्या निष्कर्षाकडे पाहताना पहिलं घराणं आठवतं. पण सौम्य हा शब्द गिनीपिगपुरता घ्या. तमिळनाडूतल्या माणसाला झालेला टीबीही औषध न घेतल्यास जीव घेतो.

एक तुकडा विशेष कामाचा आहे. सुमारे दोन हजार अक्षरांचा, नाव टीबीडी-वन. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घराण्याच्या समाईक पूर्वजात तो गळाला. पहिल्या घराण्यात तो अजून आहे. म्हणून पहिल्याला प्राचीन आणि बाकी तिघांना आधुनिक म्हणतात.

कोणाकडून कोणाला

घराणी झाली मोठ्या नकाशाची गोष्ट. एका वस्तीत टीबी कोणाकडून कोणाला गेला हे पाहायचं, तर तुकडे पुरत नाहीत, एकेक अक्षर पाहावं लागतं.

यासाठी आपल्याकडचं उदाहरण चांगलं आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित पोथ्यांमध्ये नक्कल करताना पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक असेल, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असणार. जंतूही स्वतःची नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकवतो. टीबीचा जंतू यात फार जपून असतो: दोन-तीन वर्षांत एखादंच अक्षर. दोन पेशंटच्या जंतूंत ५ किंवा कमी अक्षरांचा फरक असेल तर संसर्गाचा दुवा नुकताच जुळलेला असू शकतो. १२पेक्षा जास्त असेल तर दोघांना वेगवेगळीकडून झाला, असं साधारणपणे मानतात. हा पट्टा इंग्लंडमधल्या कामातून २०१३ मध्ये आला.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती ॲपवाल्या भाषेत सांगतो: टाइमस्टॅम्प फार ढोबळ आहे. एका खोलीतल्या तिघांचे जंतू अक्षरन्‌अक्षर सारखे असतील, तर पहिला कोण हे जीनोम सांगणार नाही. तिथे अजूनही आशाताई घरी येऊन खोकला कधी सुरू झाला हे विचारते, तीच माहिती कामी येते. शिवाय यातून कुणावर बोट ठेवायचं नसतं. टीबी हवेतून जातो. बंद खोली, गर्दी आणि उशिरा झालेलं निदान हे त्याचे साथीदार.

रोजच्या उपयोगाची गोष्ट यापेक्षा साधी आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध जंतूच्या आरपीओबी या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावर काम करतं. त्या जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका पट्ट्यात बदल झाला की बहुतेक वेळा औषध निकामी होतं. सरकारी दवाखान्यातलं सीबीनॅट मशीन थुंकीतला नेमका तो पट्टा तपासतं आणि साधारण दोन तासांत सांगतं की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट तेच काम बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात करतं, त्यामुळे ते लहान केंद्रांवर नेता येतं. जगातल्या टीबी पेशंटपैकी सुमारे पाव आपल्या देशात आहेत, हे लक्षात घेतलं तर बॅटरीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जंतू नळीत वाढायची वाट पाहत आठवडे घालवायचे आणि तोवर पेशंट चुकीचं औषध खात घरभर खोकतोय, हा वेळ या यंत्रांनी वाचवला.

पाच नळ्या

कॉखला १९०५ मध्ये टीबीच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याआधी आणि नंतर तो बराच काळ आफ्रिकेत होता, मलेरिया आणि झोपेच्या रोगाच्या मागे. १९०८ मध्ये हेडविगबरोबर जपानला गेला. तिथे त्याचा जुना शिष्य कितासातो यानं त्याचं मोठं स्वागत केलं. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेनला हृदयविकारानं तो वारला. त्याच्या अस्थी बर्लिनमध्ये त्याच्याच संस्थेच्या इमारतीत ठेवल्यात. ही संस्था आज रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट म्हणून जर्मनीतल्या साथींवर लक्ष ठेवते. कोविडच्या काळात तिचं नाव बातम्यांत रोज असायचं.

१९०१ मध्ये, गाईच्या दुधावरचं ते वादग्रस्त विधान केलं त्याच वर्षी, त्यानं लंडनमधल्या एका घशाच्या डॉक्टरला भेट म्हणून पाच काचेच्या नळ्या दिल्या. नळ्यांत त्यानं वाढवलेले टीबीचे जंतू होते. ज्या पेशंटकडून त्यानं हा जंतू पहिल्यांदा वेगळा केला, त्याचेच. नळ्या टिकल्या आणि १९८३ पासून इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहेत. २००३ मध्ये संशोधकांनी त्यांतला डीएनए तपासला. जंतू माणसाचाच टीबीचा निघाला. टीबीडी-वन हा तुकडा त्यात नव्हता, म्हणजे तो आधुनिक गटातला. दक्षिण भारतात जास्त आढळणाऱ्या घराण्याचा नव्हे. याहून बारीक ओळख पटवायचा प्रयत्न झाला, पण शंभर वर्षांत डीएनएचे इतके तुकडे झाले होते की दोन वेळा काढलेल्या नमुन्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.